बाईंची घरभेट आणि नानांचं तोंड

बाई दहा वाजता येणार होत्या आणि नाना साडेआठपासूनच कोट चढवून बसले होते. घरातल्या घरात कोट कशाला, असं कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी आपण होऊनच सांगितलं, "कागद घेऊन येणाऱ्या माणसापुढे कोटात बसावं. वजन पडतं."

आजींनी कोटाच्या पोटावरच्या बटणाकडे पाहिलं. "पडतंय खरं. बटणावर."

गुरुवारच्या पराक्रमापासून घरात त्यांचा असाच मानपान चालला होता. पन्नास वर्षं लिलावाच्या हॉलमध्ये उभं राहून नानांनी कपाटं पुकारली, पलंग पुकारले, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी पुकारली. बाजारात त्यांना 'भोंगा' म्हणत, आणि ते कौतुक नाही हे कळायला नानांना वीस वर्षं लागली. आता हॉल मुलगा सांभाळत होता आणि भोंग्याकडे एकच काम उरलं होतं. चार वर्षांच्या नातीला सकाळी साडेआठला बालवाडीत सोडायचं आणि बाराला परत आणायचं.

नातीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती खोलीच्या मधून कधी जात नसे, भिंतीच्या कडेकडेने जायची. मुंगी बोलत नव्हती. मागच्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला, तेव्हा घरात चार जणांनी पाच मतं दिली आणि सूनबाई एकटी रडली. पुढे तीन महिने हिंडून ही बालवाडी शोधली तीही सूनबाईनेच. वर्गात सातच मुलं, आणि मुंगीसारख्या मुलांबरोबर कसं काम करायचं ते रीतसर शिकलेल्या दोन बाई.

गुरुवारी तिथे आजीआजोबांना काचेमागून वर्ग पाहायची मुभा होती. मोठ्या बाईंनी साबणाच्या फुग्यांची बाटली मुंगीपुढे धरली. मुंगीचा जीव त्या फुग्यांवर. तिने बाटली ओढून पाहिली, बाईंचा हात उचलून झाकणावर ठेवला, आणि बाई नुसत्या हसऱ्या तोंडाने थांबून राहिल्या. काचेमागे नाना लिलावाच्या संथ चालीने मनातल्या मनात मोजत होते. लिलावात शांतता तीन मोजेपर्यंत चालते, चौथ्याला माल पडून राहतो. चार झाले तसे नाना दार ढकलून आत घुसले आणि हॉलमधल्या आवाजात गरजले, "अहो बाई, पोरीला फुगे हवेत! डोळे आहेत की बटणं?"

दोन मुलं रडायला लागली, एकाने कान झाकले, एक टेबलाखाली गेलं. मुंगी कोपऱ्यातल्या कापडी तंबूत शिरली ती बारा वाजेपर्यंत बाहेर आली नाही.

घरी येऊन नानांनी जाहीर केलं की लेकराला तळमळत ठेवणं याला शिक्षण म्हणत नाहीत, आणि सोमवारपासून ते मुंगीला तिथे नेणार नाहीत. मुलगा आठला हॉल उघडतो, सूनबाई सातलाच दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर पोचते, आजींचे गुडघे तीन जिने उतरू देत नाहीत. तेव्हा नाना नाहीत तर बालवाडी नाही. आणि सात जागांमागे मोठी रांग. बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, रविवारी घरभेटीला येते, पुढच्या सहा महिन्यांचा फॉर्म आणते. पोचवणाऱ्याची सही त्यावर लागते. ती नसेल तर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल.

नानांनी कुमक म्हणून थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. आक्का तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या आणि दोन माणसांच्या मधे शिरायची सवय त्यांना तिथेच लागली. हॉलच्या वाटणीच्या वेळी याच आक्का नानांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या होत्या आणि दोन वर्षं भावाशी बोलल्या नव्हत्या. ती दोन वर्षं घरात फार शांततेची गेली, असं आजी अजून सांगतात.

"मी बोलते बाईंशी," आक्का म्हणाल्या. "तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला मध्ये पडू? माझीच नात आहे."

"नाना, आज जरा..." मुलगा म्हणाला.

"जरा काय?"

"काही नाही. बघू." मुलगा हॉलमध्ये वाघ होता आणि बापासमोर 'बघू'. सूनबाई कपबश्या पुसत होती, आणि एकच बशी तिने तीनदा पुसली.

बाई दहाला दोन मिनिटं असताना आल्या. सपाट चपला, कापडी पिशवी, बारीकसा आवाज. त्या इतक्या हळू बोलत की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागे, आणि याची त्या घरात कोणाला सवय नव्हती.

"मी तासभर कोपऱ्यात बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोजच्यासारखे वागा. मी नाही असं समजा."

पहिली पाच मिनिटं सगळे फोटो काढायला बसल्यासारखे बसले. सहाव्या मिनिटाला आक्कांनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं, आजींनी ती कमी का आहे ते सांगितलं, आणि घर रुळावर आलं. मुंगी आतल्या खोलीतून भिंतीला खांदा घासत आली. मांडणीपाशी थांबून तिने वर पाहिलं, तोच आजींनी तिचा निळा पेला काढून हातात दिला. दाराकडे वळली, तर मुलाने दार उघडलं. चपलेला पाय लावला, तर आक्का वाकल्या, "तुला गच्चीत जायचंय, नाही का गं? हो, आत्याआजी, मला गच्चीत जायचंय!" म्हणजे प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. कोपऱ्यात बाईंची पेन्सिल वहीत बारीक रेघा ओढत होती.

नानांना राहवलं नाही. ही आपल्या हुशारीची वेळ, असं त्यांना वाटलं.

"बाई, आता बघा हं," ते म्हणाले. "तिची डावी भुवई वर गेली की तिला खांद्यावर बसायचं असतं. दोन्ही गेल्या की पंखा बंद. मी पन्नास वर्षं भुवया वाचल्यात. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बोलत नाही. नुसती भुवई हलवतं, आणि आम्ही बोली धरतो. मुंगीला बोलायची गरजच नाही. मला सगळं कळतं."

"कधी चुकलात?" बाईंनी विचारलं.

"छे!"

"माशी," आजी म्हणाल्या.

"तो विषय आत्ता कशाला?"

"सांगते ना. बाई, एक माणूस नाकावरची माशी उडवत होता. यांनी तीनदा पुकारून आठ फुटी आरशाचं कपाट त्याच्या गळ्यात मारलं. तो बिचारा पावसाला आडोसा म्हणून हॉलमध्ये आला होता."

सूनबाई हसली. फार दिवसांनी हसली, आणि लगेच तोंड फिरवून कपबश्यांकडे वळली. नानांना मात्र हसू आलं नाही, कारण मुंगीची डावी भुवई त्याच वेळी वर गेली होती, ते तिला खांद्यावर घ्यायला वाकले होते, आणि ती त्यांच्या हाताखालून निसटून खिडकीपाशी गेली होती. ती फक्त उजेडाकडे बघत होती.

अकराला बाईंनी आपली खुर्ची टेबलापाशी आणली आणि वही उघडली.

"या एका तासात मुंगीने सव्वीस वेळा काहीतरी मागायला सुरुवात केली," त्या म्हणाल्या. "कधी बघून, कधी जवळ जाऊन, कधी हात पुढे करून. पंचवीस वेळा तुमच्यापैकी कोणीतरी ते तिच्या आधी पूर्ण केलं."

"बघा!" नाना म्हणाले. "पंचवीस! एवढं लक्ष देणारं घर दाखवा मला दुसरं."

"आणि सव्विसाव्या वेळी?" मुलाने विचारलं.

"तेव्हा तुम्ही सगळे माशीवरून वाद घालत होतात. तिने स्टूल ओढून नेलं, वरची बाटली घेतली, पाणी प्यायली आणि स्टूल जागेवर ठेवलं."

स्टूल ओढल्याचा आवाज एकालाही आला नव्हता. नानांनी खिडकीकडे पाहिलं. मुंगी तिथे बोटं डोळ्यांपुढे हलवून उजेडाच्या पट्ट्या करत होती आणि तिच्या झग्यावर पाणी सांडलेलं होतं.

"म्हणजे आमच्यामुळे बोलत नाही ती?" सूनबाईने विचारलं. हे विचारायला तिला वर्ष लागलं असावं, असा तो आवाज होता.

"नाही," बाई लगेच म्हणाल्या. "ऑटिझम कोणाच्या लाडाने होत नाही, कोणाच्या बडबडीने होत नाही. ती तशीच जन्मली आहे. जगाचा आवाज तिला जास्त लागतो, माणसांच्या खाणाखुणा तिला आपोआप उमगत नाहीत. त्या तिला सावकाश, परत परत, एकाच क्रमाने शिकवाव्या लागतात. बालवाडीत आम्ही तेच करतो. सकाळी भिंतीवर दिवसाची चित्रं लावतो. आधी गोल बसायचं, मग ठोकळे, मग खाऊ, मग झोका. पुढे काय येणार ते दिसलं की तिची भीती कमी होते. पहिल्या आठवड्यात ती दारातच बसायची. आता पिशवी स्वतः खुंटीला लावते."

"खुंटीला?" आजी म्हणाल्या. इथे मुंगीची पिशवी दारातच नाना किंवा आजी काढून घेत.

"दोन वेण्यांची एक मुलगी तिच्या शेजारी बसते. तिने चेंडू ढकलला की मुंगी परत ढकलते. सलग नऊ वेळा, मंगळवारी. मोठी माणसं तिला सांभाळून घेतात. मुलं घेत नाहीत, ती वाट बघतात किंवा हिसकावतात. म्हणून मुलांत बसणं तिला हवं."

"हे तू आम्हाला सांगितलं नाहीस," मुलगा बायकोला म्हणाला.

"सांगितलं होतं. मंगळवारीच, जेवताना," सूनबाई म्हणाली. "तेव्हा नाना पिठाच्या गिरणीची गोष्ट सांगत होते."

गिरणी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा विकली गेली होती, हे नानांना आठवलं. त्यांनी घसा खाकरला. "ते सगळं ठीक. पण गुरुवारी फुग्यांसाठी तिला का रडवलंत?"

बाईंनी पिशवीतून चार कार्डं काढून टेबलावर ठेवली. प्रत्येकावर एक चित्र. पाण्याचा पेला, झोका, साबणाचे फुगे, आणि चौथ्यावर लाल पार्श्वभूमीवर उभा केलेला पंजा.

"ती रडत नव्हती, आजोबा. विचार करत होती. फुग्यांचं कार्ड तिच्या उजव्या हाताशी होतं. ते उचलून माणसाला दिलं की हवं ते मिळतं, हे आम्ही पाच आठवडे शिकवतोय. मी मनात दहापर्यंत मोजते आणि थांबते. त्या दिवशी सहाला तिचा हात बाटलीवरून सुटला. सातला कार्डाकडे वळला. दोन बोटांचं अंतर होतं."

"आणि मग?" आक्का म्हणाल्या.

बाईंनी वही मिटली. सांगायची गरजही नव्हती. आठला कोण आलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. आयुष्यात त्यांनी माशीला कपाट विकलं होतं, एका विधुराला चुकून स्वतःचीच छत्री विकली होती, पण नातीच्या तोंडचा घास आपण हिसकावला हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही तिच्यावरच्या मायेपोटी. त्यांनी मदतीसाठी आक्कांकडे पाहिलं.

आक्का चष्मा पुसत होत्या. "माझ्याकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "एक्स्चेंजमध्ये सुद्धा लाइन जोडली की मी कान काढून घ्यायची. निदान नियम तरी तसा होता. मी सूनबाईकडून आहे."

"मी तर गुरुवारपासूनच आहे," आजी म्हणाल्या.

मुलाने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि 'बघू' म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. "मीही," तो म्हणाला. नानांच्या डोळ्यांदेखत लिलाव फिरला होता आणि त्यांच्या बाजूला एकही बोली उरली नव्हती.

"आपण एकदा करून बघू," बाई म्हणाल्या. "ती आता टेबलापाशी येईल, कार्डं तिच्या ओळखीची आहेत. कोणी काही विचारू नका, देऊ नका. मनात दहा मोजा."

मुंगी आली. भिंत सोडून तिला टेबलापर्यंत चार पावलं मोकळ्यातून यावं लागलं, तीही ती आली. कार्डांकडे पाहत टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली.

आक्का चारपर्यंत टिकल्या. "झोका हवा का गं?" त्यांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी पदराने तोंड दाबलं. दुसऱ्या खेपेला मुलगा सहापर्यंत पोचला आणि त्याने पाण्याचं कार्ड बोटाने हळूच तिच्याकडे सरकवलं, जणू वारा आला होता. आजींनी दहा पुरे केले, पण ते मोठ्याने मोजत. मुंगी प्रत्येक वेळी जराशी मागे सरकली.

"मी बघतो," नाना म्हणाले, आणि उठून उभे राहिले. बघायला उभं राहायची काही गरज नव्हती. पण नानांच्या पोटात गुरुवारपासूनचं साठलं होतं, आणि साठलेलं बसून बाहेर काढायची रीत त्यांना माहीत नव्हती.

"बाई," त्यांनी सुरुवात केली, "मी चुकलो. आणि चुकलो तर ते मी चोरून म्हणणार नाही!" आवाज आपोआप चढला. "ज्या तोंडाने मी साऱ्या बाजारापुढे माल पुकारला, त्याच तोंडाने सांगतो, की या पोरीच्या बाबतीत मी आंधळा ठरलो! मला वाटलं, मला तिचं सगळं कळतं! अहो, काय कळतं मला? आजवर मी तिला एक शब्द..."

टेबलावरच्या बश्या वाजायला लागल्या होत्या. सूनबाई "नाना" म्हणाली, पण भोंगा लागला की मधला शब्द कुठला ऐकू येतो. मुंगीने दोन्ही कान दाबून धरले. मुलगा उठणार, तोच बाईंनी हाताने त्याला खाली बसवलं.

मुंगीचा एक हात कानावरून निघाला. तो फुग्यांवरून गेला, झोक्यावरून गेला, आणि लाल कार्डावर थांबला. कार्ड उचलायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, कारण ते टेबलाला चिकटून बसलं होतं. मग ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने ते कार्ड हवेत हातवारे करणाऱ्या आजोबांच्या तळव्यात खुपसलं. वरून आपली छोटी मूठ दाबली.

"...एक शब्द बोलायची मी कधी सं..." म्हणता म्हणता नानांनी खाली पाहिलं.

"हे कार्ड 'बास'चं आहे," बाई कुजबुजल्या. "शाळेत तिने अजून एकदाही दिलेलं नाही."

संधी हा शब्द नानांच्या जिभेवर अर्धा तसाच राहिला. तो गिळणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. या घरात त्यांना गप्प बसा म्हणायला प्रत्येकाला वर्षानुवर्षं लागली होती, आजींना तर अजून नीट जमलं नव्हतं, आणि ही पोर सहा आठवडे शाळेत गेली आणि तिने ते एका कार्डात सांगितलं. चार वर्षांत नातीने आपण होऊन त्यांना सांगितलेली ही पहिली गोष्ट. त्यांना टेबलावर चढून ती साऱ्या जगाला पुकारून सांगायची होती. नाक गळायला लागलं होतं, आणि ते काही म्हणजे काहीच बोलू शकत नव्हते, कारण त्यांना बास सांगण्यात आलं होतं.

ते हळूच खुर्चीत बसले. मनात मोजायला लागले. पाचला मुंगीने दुसरा हात कानावरून काढला. नऊला ती अर्धं पाऊल पुढे आली. दहा झाले, अकरा झाले, मग ती त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून खाली बसली आणि कोटाचं टोक बोटांवर गुंडाळू लागली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हात उचलला होता, तो तसाच परत मांडीवर नेला.

सूनबाई रडत होती. मुलगा तिच्यामागे जाऊन उभा राहिला, काय बोलावं ते सुचेना म्हणून नुसताच उभा राहिला, आणि त्याच्याही नकळत ते बरोबर झालं.

नानांनी डाव्या हाताने बाईंपुढची पेन्सिल ओढून घेतली. उजव्या हातात लाल कार्ड होतं आणि ते खाली ठेवायची त्यांची तयारी नव्हती. फॉर्मवर पोचवणाऱ्याच्या सहीपुढे त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि खालच्या कोऱ्या जागेत, पहिलीतल्या मुलासारख्या थोरल्या अक्षरांत लिहिलं, 'उद्या साडेआठला मी घेऊन येतो. काचेमागेच थांबेन.'

सूनबाईने डोळे पुसून फॉर्म उचलला आणि आजींसाठी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नानांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.